दादाच्या नावापुढचा आकडा

फळा होता तोवर ताईला शिव्या निदान समोरासमोर मिळत. रोज संध्याकाळी ती खडूने दुसऱ्या दिवशीच्या ड्युट्या लिहायची, आणि खडू खाली ठेवायच्या आत कोणी ना कोणी ड्रायव्हर कमरेवर हात ठेवून मागे उभा असायचा. "पुन्हा पहाटेची फेरी मलाच? मी तुमचं काय घोडं मारलंय, ताई?" तिने कुणाचंच काही मारलेलं नसायचं. पण पहाटेची फेरी कुणाला तरी द्यावीच लागे.

डेपो तसा लहानच. किडनीच्या आजाऱ्यांना घरून उचलायचं, डायलिसिसला हॉस्पिटलात पोचवायचं, झालं की परत घरी सोडायचं, एवढंच तिथल्या गाड्यांचं काम. हॉस्पिटलातली यंत्रं उजाडताच सुरू होत, म्हणून पहिली गाडी अंधारातच सुटे, आणि ती फेरी घेणारा माणूस सगळी सकाळ त्यातच अडकून पडे. ती फेरी म्हणजे नावडतीचं पोर होतं. आणि त्यातून ताईचा सख्खा मोठा भाऊ त्याच डेपोत ड्रायव्हर. मग काय विचारता! दादाला दुपारची ड्युटी लागली की चहाच्या टपरीवर लगेच सुरू व्हायचं, "घरचं राज्य आहे बाबा." स्वतः दादा मात्र डेपोत तिला सगळ्यांसारखं 'ताई'च म्हणायचा. घरी ती त्याची 'छोटी' होती.

या कटकटीला कंटाळूनच मोठ्या साहेबांनी तो प्रोग्रॅम आणला. सगळे त्याला मशीन म्हणत. खरं तर कोपऱ्यातला कॉम्प्युटर तोच होता, जुना, वर धूळ बसलेला; आत फक्त प्रोग्रॅम नवा. गाड्या, पत्ते, आजारी, ड्रायव्हर, सगळं त्यात भरायचं आणि बटण दाबायचं. थोडा वेळ ते घरघर करी आणि पंधरवड्याची यादी बाहेर टाकी. साहेबांनी नियम केला, छापून आलेली यादी कुणी हाताने बदलायची नाही आणि आपसात अदलाबदलही करायची नाही. फळा माळ्यावर गेला. त्या दिवशी ताई घरी जाऊन आडवी झाली ती थेट सकाळी उठली. तिला कंटाळा कामाचा आला नव्हता, न्याय करण्याचा आला होता. आता कुणी भांडायला आलं की ती स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणे, "मशीनने दिलंय. मी काय करू?" आणि तो माणूस चक्क गप्प बसे. मशीनशी कोण भांडणार?

त्यानंतर काही महिन्यांनी वहिनीला अर्धांगाचा झटका आला.

जीव वाचला. पाय सावरला, बोलणं अडखळत का होईना परत आलं. उजवा हात मात्र मिटायला लागला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, रोज फिजिओथेरपी करा, पहिले काही महिने फार महत्त्वाचे. या दिवसांत हात उघडला तर उघडला, नाही तर बोटं तशीच आखडून बसतील. जवळच्या केंद्रात असे रुग्ण फक्त सकाळी घेत. वहिनीला एकटीला बसमध्ये चढता येत नव्हतं, आणि घरात नवरा-बायको सोडून तिसरं माणूस नव्हतं.

आणि यादी आली की दादाच्या नावापुढे पहाटेची फेरी. पुढचा पंधरवडा, पुन्हा पहाट. त्याच्या पुढचाही तोच.

"दादा, सकाळचं कसं करतोस रे?" ताईने एकदा विचारलं होतं. तो गाडीच्या काचेवरून ओला कपडा फिरवत होता.

"होतंय. शेजारच्या काकू नेतात तिला."

"नक्की ना?"

"हो ग. तू कशाला डोक्याला त्रास करून घेतेस?"

ताईने नाही करून घेतला. माणूस दमला की त्याला जे ऐकायचं असतं तेच ऐकू येतं. तिच्या घरी नवऱ्याची फिरतीची नोकरी, दोन मुलं, त्यांचे अभ्यास, पाण्याची बोंब. डेपोत दिवसभर फोन. कुणाचा आजारी दारात उभा आहे आणि गाडी आली नाही, कुणाची गाडी आली आहे आणि आजारी दारात नाही. दादाच्या पहाटेचं तिला वाईट वाटे. पण ते नशिबाचं वाईट वाटावं तसं.

एका दुपारी मात्र ती कामातून मध्येच निघून दादाकडे गेली. दादा कामावरून येऊन भिंतीकडे तोंड करून घोरत होता. वहिनी स्वयंपाकघरात डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडत होती, तळवा पुसायला. अंगठा उघडला की करंगळी मिटे. ताई बघतच राहिली.

"काकू नेतात ना तुला केंद्रात?"

"काकूंचे गुडघे गेले," वहिनी म्हणाली. तिचे शब्द सावकाश यायचे, पण जीभ पूर्वीइतकीच तिखट होती. "त्यांना कुणी न्यायचं हा प्रश्न आहे. मी जाते की. यांना सुट्टी असली की."

"म्हणजे आठवड्यातून एकदाच?"

"त्या सुट्टीत हे झोपले नाहीत तर." वहिनी हसली. हसताना तिचं तोंड एका बाजूला ओढलं जाई. "तुझं ते मशीन माझ्यावर जळतं बहुतेक. तरुणपणी मी फार सुंदर होते ना!"

ताईला हसता आलं नाही. रिक्षात बसल्यावर तिने मनाशी ठरवलं, त्या मशीनमध्ये काहीतरी बिघडलंय आणि ते शोधून काढायचं.

योगायोगाने त्याच आठवड्यात प्रोग्रॅमच्या कंपनीचा इंजिनिअर यायचा होता. साहेबांनीच बोलावला होता. स्क्रीनच्या तळाशी एक मोठा आकडा येई, तो जितका लहान तितकं काम चांगलं, एवढं साहेबांना कळलं होतं. तो आणखी लहान कसा करता येईल हे त्यांना हवं होतं. इंजिनिअर पन्नाशीकडे झुकलेला होता. केस उडालेले, डोळ्यांखाली पिशव्या, आल्याबरोबर त्याने आधी खुर्ची कुठे आहे ते पाहिलं. ताईला बरं वाटलं. ताज्यातवान्या माणसांशी बोलायचं तिला अलीकडे जड जाई.

"तुमचं मशीन एका माणसाच्या मागे हात धुऊन लागलंय," ती म्हणाली.

"असं सगळेच म्हणतात." त्याने चष्मा पुसला. "मशीन कुणाच्या मागे लागत नाही हो. त्याला राग नाही, लोभ नाही. खरं सांगायचं तर अक्कलही बेताची आहे. खाली हा आकडा दिसतो ना, तो कमी करायचा, एवढं एकच त्याला वेड."

"पण हा आकडा आहे तरी कसला?"

"याला म्हणतात ऑब्जेक्टिव्ह फंक्शन. नाव भारदस्त आहे, आत नुसती बेरीज आहे. गाड्या किती किलोमीटर धावल्या, त्यात मिळवा आजारी माणसं किती वेळ ताटकळली, त्यात मिळवा ड्रायव्हर लोकांची गैरसोय. सगळं मिळून एक आकडा. मग मशीन काय करतं? ह्याची फेरी त्याला, त्याची ह्याला, असं अदलून बदलून बघत बसतं. ज्या वाटणीत आकडा सगळ्यांत लहान, ती वाटणी छापतं. संपलं."

"आणि कुणाची गैरसोय किती, हे त्याला कसं कळतं?"

"कळत नाही. आपण सांगतो." त्याने कागदावर मधोमध एक रेघ मारली. "हे बघा. या बाजूला मशीनने ठरवायच्या गोष्टी. कोण कुठल्या गाडीवर, कुठल्या वेळी. त्यात ते हवी तेवढी उलथापालथ करतं. आणि या बाजूला आपण ठरवून त्याच्या हातात द्यायच्या गोष्टी. अंतरं, वेळा, आणि पहाटेची फेरी कुणाला किती जड जाते त्याचे आकडे. यांना पॅरामीटर म्हणतात. यांना मशीन बोटही लावत नाही. घरात मुलाला सांगावं, आवाज करू नको, तर तो मुकाट्याने सगळी भिंत रंगवून ठेवतो. त्याने तुमचं ऐकलंच की! भिंतीचं तुम्ही बोलला नव्हता."

"पण ते शिकतं ना? पहिल्यांदा तुमचा जो माणूस आला होता तो म्हणाला होता, फार हुशार आहे म्हणून. मला वाटलं, सुरुवातीला काहीतरी भरून द्यायचं, मग कोण किती वेळा गेलं, कोण दमलं, ते बघून बघून ते आपलं आपण आकडे सुधारत जाईल."

"वाटणी शोधण्यात हुशार आहे. पण दिलेल्या आकड्यांपुढे त्याची हुशारी चालत नाही. पाच दिला की पाच, शून्य दिला की शून्य. तुम्ही येऊन बदलेपर्यंत तसाच." त्याने माउस सरकवला. "थांबा, तुमचं पानच उघडतो."

पान उघडलं. डावीकडे ड्रायव्हरांची नावं, उजवीकडे आकडे. मिशीवाल्यापुढे नऊ. ज्याला सगळे 'रेडिओ' म्हणत, कारण तो बंदच होत नसे, त्याच्यापुढे आठ. कुणापुढे सात, कुणापुढे सहा. आणि खाली दादा.

"हा एक शून्यवाला कोण?" इंजिनिअरने विचारलं. "का बरं शून्य? याच्या लेखी पहाटेची फेरी आणि दुपारची फेरी सारखीच? मग मशीन पहाट त्यालाच देणार. फुकटात मिळतोय तर विकत कोण घेईल?"

ताईला तो दिवस आठवला. आठवला कसला, तो समोरच येऊन उभा राहिला. आकडे भरायच्या वेळी सगळे ड्रायव्हर तिच्या टेबलाभोवती गोळा झाले होते. मिशीवाल्याने पाठदुखी सांगितली, रेडिओने सासरे, पित्त, मुलीची शाळा आणि घरातलं कुत्रं सांगितलं. जो जितका ओरडला तितका त्याचा आकडा चढला. तिने वैतागून सगळ्यांना मागतील ते देऊन टाकलं. दादा मागे दाराला टेकून उभा होता. तो काही बोलला नाही. आणि तेव्हा ताई मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली होती, "दादाला शून्य! बघा बरं. घरच्या माणसाला कसलीही सवलत नाही. उद्या कुणी तोंड उघडायचं नाही." सगळे खूश झाले होते. दादाही हसला होता. तेव्हा वहिनी धडधाकट होती आणि शून्याची किंमत काहीच नव्हती.

तिने तो आकडा पुन्हा पाहिलाच नाही. मशीन हुशार आहे, ते बघून घेईल, हे तिने धरूनच ठेवलं होतं. इतक्या पहाटा गेल्या, आणि प्रत्येक वेळी तिने म्हटलं होतं, मशीनने दिलंय.

"तो माझा भाऊ आहे," ती म्हणाली.

इंजिनिअरने तिच्याकडे पाहिलं, आणि पुढे काही विचारलं नाही. तेवढं शहाणपण त्याला होतं. "किती टाकू?" तो म्हणाला.

"दहा."

"दहा कसे ठरवलेत?"

"त्यांचे नऊ कसे ठरवले होते? आरडाओरड्यावरून."

"सगळीकडे तसंच असतं," तो म्हणाला आणि त्याने दहा टाकला.

कॉम्प्युटर घरघरला. नवी यादी आली. पहाटेची फेरी आता सहा आणि सात आकड्यांच्या माणसांत फिरत होती, दोन-तीन वेळा रेडिओवरही आली होती. दादाच्या सगळ्या सकाळी मोकळ्या. तळाचा मोठा आकडा मात्र वाढला होता. आणि नेमके त्याच वेळी साहेब आत आले.

"झाला का कमी?"

"वाढला," ताई म्हणाली.

"वाढला? अहो, मी यांना कमी करायला बोलावलंय. पैसे देऊन!"

"साहेब, आधीचा कमी होता तो खोटा होता. त्यात एक माणूस फुकट धरला होता. मीच धरला होता."

साहेबांनी वाकून स्क्रीन पाहिली. दादाचं नाव पाहिलं, दहा पाहिले. त्यांचा चेहरा फळ्याच्या काळातल्यासारखा झाला. "ताई, लोक काय म्हणतील ठाऊक आहे ना? ज्या भानगडीसाठी एवढा खटाटोप केला, तीच पुन्हा दारात."

"म्हणू देत. त्याची बायको अर्धांगाने पडली आहे आणि तो रोज दुसऱ्यांच्या आजाऱ्यांना हॉस्पिटलात पोचवतोय. मिशीवाल्याच्या पाठीला नऊ मिळतात तर ह्याला दहा का नाही? तुम्ही सांगा, मी खोडते."

साहेब थोडा वेळ खिशातल्या किल्ल्या खुळखुळवत राहिले. ते काही वाईट नव्हते, तेही दमलेलेच होते. "छापा," ते म्हणाले. "पण बोंब झाली तर निस्तरायचं तुम्ही."

बोंब झालीच. यादी भिंतीवर लागायचा अवकाश, रेडिओ सुरू झाला, मिशीवाल्याने सुरात सूर मिळवला, आणि 'घरचं राज्य' हे शब्द ताईला पुष्कळ दिवसांनी ऐकू आले. या वेळी तिने स्क्रीनकडे बोट दाखवलं नाही. "मी बदललंय," ती म्हणाली. "जे बोलायचं ते मला बोला." मग ते बोलले, आणि तिने ऐकून घेतलं. दादा त्या वेळी फेरीवर होता.

संध्याकाळी ती त्याच्याकडे गेली. पाय दुखत होते, पण जिने चढताना तिला मनातून हलकं वाटत होतं, हे खोटं कशाला बोला? चूक सापडली, दुरुस्त झाली. आता सांगून मोकळं व्हायचं, वहिनी दोन टोमणे मारील, दादा हसेल, चहा होईल.

दादाने दार उघडलं. वहिनी पलंगावर उशीला टेकून बसली होती, हात मांडीवर, मूठ मिटलेली. ताईने उभ्या उभ्याच सांगून टाकलं. सकाळी मोकळ्या झाल्या. मशीन बिघडलं नव्हतं. मशीनला सांगितलेला आकडाच चुकीचा होता, आणि तो तिने स्वतः टाकला होता. "दादाला शून्य मी टाकलं होतं," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, ते आपोआप सुधारेल."

दादा खिडकीकडे बघत होता. "माहीत आहे," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर टाकलं होतंस की."

"मग बोलला का नाहीस? एवढे महिने! एका शब्दाने बोलला असतास तर..."

"काय बोलणार, छोटे? तूच टाकलं होतंस. यादीही तूच लावत होतीस. दर वेळी पहाटेला माझंच नाव. मी म्हटलं, तुला दिसतच असेल." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर ताईला बरं वाटलं असतं. "दिसत असून करतेय म्हणजे तुझीही काहीतरी अडचण असेल. मग तुला आणखी अडचणीत कशाला घालायचं?"

ताईने वहिनीकडे पाहिलं. वहिनी नवऱ्याकडे बघत होती.

"तुम्हाला माहीत होतं?" वहिनी सावकाश म्हणाली. "तुम्ही तर मला सांगत होतात, मशीन देतं."

"तुमच्या दोघींत वाकडं नको यायला, म्हणून," दादा म्हणाला.

ताई पलंगाच्या कडेला बसली आणि तिने वहिनीचा उजवा हात हातात घेतला. बोटं गार होती, आणि ती उघडेनात. मधलं बोट जरासं हललं आणि थांबलं. "उद्यापासून रोज जायचं," ती घाईघाईने म्हणाली. "आता एक दिवस चुकवायचा नाही. बघ तू, कशी उघडतात ती."

"मागच्या वेळी केंद्रातल्या बाई म्हणाल्या," वहिनी म्हणाली, प्रत्येक शब्द जपून ठेवावा तशी, "आता उघडायचं नाव काढू नका. आहे तेवढा राखायचा. आणखी आखडू नये, म्हणून यायचं." तिने डाव्या हाताने आपला उजवा हात ताईच्या हातातून सोडवून घेतला आणि परत मांडीवर ठेवला. "मी म्हटलं, चला, मशीन आहे. मशीनवर कसलं रागवायचं? ते काय आपलं माणूस आहे?"

"वहिनी, माझी चूक झाली."

"हो."

ताई वाट बघत होती. टोमण्याची, त्या एका बाजूला ओढलेल्या हसण्याची. वहिनी हसली नाही.

"एवढे महिने मला कुणावर रागवताच आलं नाही," वहिनी म्हणाली. "आता येईल. मला जरा रागावू दे. तू आज घरी जा."

"अगं, असं काय बोलतेस..." दादा पुढे झाला.

"जाऊ दे तिला," वहिनी म्हणाली.

ताई उठली. दादा दारापर्यंत आला. त्याने तिला थांब म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही, नुसता कडी धरून उभा राहिला. मागे दार लागल्याचा आवाज झाला. जिन्यात ताईला कुणीतरी विचारलं, बसला नाहीत का, इतक्यात निघालात? ती म्हणाली, नाही, उद्या सकाळी त्यांना लवकर उठायचंय.